मणक्याच्या ऑपरेशननंतरचं दुखणं
ताई, बाबांचं कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन इथे इंदूरलाच ठरलंय आणि नंतरच्या दुखण्याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंत. भूलतज्ज्ञांना आधीच भेटून 'इरेक्टर स्पायनी ब्लॉक'बद्दल जरूर विचारा. २०१६ मध्ये पुढे आलेली ही पद्धत. सोनोग्राफीत बघत पाठीच्या स्नायूखाली बधिर करणारं औषध सोडतात. पाठीच्या नसा बधिरतात, पण पायांची ताकद सहसा शाबूत राहते. त्यामुळे शुद्धीवर आल्यावर सर्जनना पाय हलवून घेऊन तपासता येतं. पहिल्या दिवशी मॉर्फिनसारखी औषधं कमी लागली, की मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठही कमी. उतारवयात हे फार मोलाचं! मात्र असर काही तासांचाच, तेव्हा बाकीची वेदनाशामकं वेळच्या वेळी हवीतच. आणि हो, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा.