बियाणे कंपनीचा शेअर घ्याचा हाय, कंपनी आतून मजबूत हाय का हे कसं पाहाचं?

कापूसवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. राखून ठेवलेला कापूस विकला, फवारणी अन खताचा खर्च बाजूले काढून थोडे पैसे उरले हायेत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका बियाणे कंपनीचा लय बोलबाला चालू हाय, एप्रिल ते जूनचा निकाल आला अन मागच्या तिमाहीपेक्षा नफा पाच पट झाला म्हणते. त्यायचंच बियाणं आमच्या वावरात हाय म्हणून कंपनी ओळखीची वाटते, पण पैसे टाकाच्या आधी काय काय पाहाचं? बारावी कॉमर्स झालं हाय, ताळेबंद थोडाफार समजते मले.

वणीचा_गडी:
भाऊ मागच्या तिमाहीशी तुलना करूच नोका. कपाशीचं बियाणं विकते कवा? मे-जूनमंदी. म्हणजे वर्षाचा मोठा धंदा त्याच तिमाहीत होते, जानेवारी-मार्च त दरवर्षीच कोरडी जाते. मागच्या वर्षीच्या जून तिमाहीशी लावून पाहा, पाच पट कुठं जाते ते दिसन. अन बीटी कपाशीच्या पाकिटाचा जास्तीत जास्त भाव २०१६ पासून केंद्र सरकार ठरवते, कंपनीले वाटलं म्हणून भाव वाढवता येत नाही, म्हणून नफा वाढला त कशानं वाढला हे शोधा.

अचलपूरची_ताई:
दादा, मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, मी आधी नफा बघतच नाही, कॅश फ्लो बघते, म्हणजे रोख पैसा खरंच किती आला-गेला ते. कृषी केंद्रवाल्याला उधारीवर माल दिला की कंपनीच्या पुस्तकात विक्री झाली, नफाही झाला, पण पैसा यायचाच आहे, आणि न विकलेलं बियाणं बरेचदा सीझन संपल्यावर परत येतं, ते मग विक्रीतून वजा होतं. म्हणून पाच वर्षांचा नफा आणि पाच वर्षांचा धंद्यातून आलेला रोख पैसा, दोन्हींची बेरीज शेजारी-शेजारी मांडा. नफा मोठा आणि रोख सतत कमी, आणि येणं (उधारीचे यायचे पैसे) विक्रीपेक्षा जोरात वाढतंय, तर मी तरी हात लावणार नाही. गोदामातला साठाही बघा, जुन्या बियाण्याची उगवण कमी होते, ते पुढे तोट्यात टाकावं लागतं. आणि मार्चअखेरची शिल्लक बघून हुरळून जाऊ नका, त्यात डीलरनी खरीपाच्या बुकिंगचे भरलेले अ‍ॅडव्हान्स असू शकतात, ती कंपनीची देणी आहेत.

वणीचा_गडी:
ताईंनी बराबर सांगतलं. कर्ज पण पाहा, व्याज भरून किती उरते ते. अन प्रमोटरनं, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकायनं, आपले शेअर कर्जासाठी तारण ठेवले का, हे दर तिमाहीच्या शेअरहोल्डिंगमंदी (कोणाकडं किती शेअर हाय त्या यादीत) भेटते, बीएसई म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट.

कापूसवाला_दारव्हा:
पण ताई, ऑडिटरची सही असते ना? मंग आकडे खोटे कसे असतीन?

अचलपूरची_ताई:
सही सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या हिशेबावरही होती दादा. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजूंनी स्वतः पत्र लिहून सांगितलं की पुस्तकातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक नाहीच आहे. म्हणून एका आकड्यावर विश्वास टाकायचा नाही, एक आकडा दुसऱ्याशी जुळतो का ते बघायचं. रोकड भरपूर दाखवतात आणि तरी नवीन कर्ज काढतात, असं का? ऑडिटर मुदतीआधीच राजीनामा देऊन गेला, असं का? वार्षिक अहवालात ऑडिटरचा शेरा आणि मागच्या टिपा आधी वाचा, चेअरमनचं भाषण शेवटी.

कापूसवाला_दारव्हा:
वार्षिक अहवाल उतरवला अन रात्री बसून पाहिला. कर्ज नावालेच हाय, तारण पण नाही. पण येणं दोन वर्षांत दुप्पट झालं, विक्री तेवढी वाढली नाही. जूनच्या निकालात हे कुठी दिसतच नाही?

अचलपूरची_ताई:
जूनच्या निकालात ताळेबंद द्यायची सक्ती नसते, तो आणि कॅश फ्लो सप्टेंबर आणि मार्चच्या निकालासोबत येतात. सप्टेंबरचा निकाल १४ नोव्हेंबरपर्यंत यायला पाहिजे. खरीपाची वसुली किती झाली ते त्यात दिसेल, तोवर पैसे बँकेतच राहू द्या.

कापूसवाला_दारव्हा:
ठीक हाय ताई. नोव्हेंबरात ताळेबंद आला की इथंच आकडे टाकतो, तवा पाहून द्या.