बाबांची १९९५ची टाटा इस्टेट पुन्हा रस्त्यावर आणायची आहे

प्रश्न: गाव दारव्ह्याजवळ. गाडी सहा वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे. हिच्या डिक्कीत आम्ही भावंडं सरकीच्या पोत्यांवर बसून यवतमाळला जायचो. मागच्या दाराखालचा पत्रा बोटानं दाबला की भुगा पडतो, इंजिन मात्र हातानं फिरतं. मागची सीट काढून गादी टाकायची, एसी नीट करायचा, रंग मूळचाच ठेवायचा. सुरुवात कुठून करू?

उत्तर: भाऊ, एसीचं नंतर बघा. आधी टाकीतलं जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला, पंप-नोझल तपासा. हे १.९ लिटरचं इंजिन टाटाच्याच सिएरा आणि टाटामोबाइल या गाड्यांनाही होतं, सामान त्या नावांनीही शोधा.

उत्तर: डेंटरला नुसती पुट्टी भरू देऊ नका. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करा. काळ्या मातीचा चिखल खाचांत ओल धरून बसतो, गंज तिथूनच लागतो.

उत्तर: आरसीची १५ वर्षांची मुदत कधीच संपली, नूतनीकरण झालंय का? ते पाच-पाच वर्षांचं मिळतं. सीट काढण्याआधी आरटीओत विचारा, आसनसंख्या आरसीवर असते.

प्रश्नकर्ता: आरसी २०२० नंतर केलीच नाही, सोमवारी जातो. आज टाकी उतरवली, तळाशी बोटभर गाळ निघाला. आई तिथंच खाट टाकून बसली होती.