मदत हवी आहे: जुनी महिंद्रा मराझो डिझेल की जुनी मारुती अर्टिगा सीएनजी? (नाशिक, सहा माणसं आणि एक व्हीलचेअर)

नमस्कार मंडळी. घरासाठी सेकंड हॅण्ड मोठी गाडी घ्यायची आहे. बरीच शोधाशोध करून दोन गाड्यांवर येऊन थांबलोय आणि घरात दोन तट पडलेत. बायको अर्टिगाच्या बाजूने, माझं मन मराझोकडे. ज्यांनी या गाड्या वापरल्या आहेत किंवा गॅरेजमध्ये उघडून पाहिल्या आहेत, त्यांचं मत हवंय.

आधी घरची गरज सांगतो, कारण सगळं तिथेच अडतंय. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाबांना पक्षाघात झाल्यापासून घरातल्या घरात काठी धरून चालतात, बाहेर मात्र घडीची व्हीलचेअर लागते. राहतो इंदिरानगरला, नोकरी सातपूरला. रोजचं रनिंग थोडंच आणि तेही सिग्नलचं. पण बाबांच्या तपासणीसाठी कसारा घाट उतरून ठाण्याला जावं लागतं, तिथेच बहीणही आहे, आणि अशा वेळी सहाही जण निघतात. शिवाय वणी आणि सणावाराला गाव. घाट चुकत नाही.

मराझो: एम४ मॉडेल, आठ सीटर, २०१९ ची, बीएस-४ (जुन्या प्रदूषण नियमांतलं) डिझेल, ८२ हजार किलोमीटर, दुसरा मालक, ठाणे पासिंग. साडेसहा लाख सांगतायत.

अर्टिगा: व्हीएक्सआय मॉडेल, कंपनीचंच सीएनजी, २०२० ची, ६४ हजार किलोमीटर, पहिला मालक, नाशिक पासिंग (एमएच-१५). सव्वाआठ लाख, आणि खाली यायला तयार नाहीत.

व्हीलचेअर बरोबर नेऊन दोन्हीत ठेवून पाहिली. अर्टिगात सीएनजीची टाकी तिसऱ्या ओळीच्या मागे, म्हणजे डिकीतच आहे. सगळ्या सीटा उभ्या असताना खुर्ची मावायचा प्रश्नच नाही. मागची अर्धी सीट पाडली तर खुर्ची तिरपी बसते, माणसंही सहा बसतात, पण मग बॅगा कुठे? कॅरिअर लावावं लागेल, आणि पावसाळ्यात कॅरिअरवर बाबांची औषधं-कपडे ठेवायला मला नको वाटतं. मराझोत मागची अर्धी सीट पाडली की खुर्ची आडवी राहते आणि तिच्या बाजूला-वर दोन बॅगा बसतात. कागदावर बघाल तर तिन्ही ओळी उभ्या ठेवून मराझोची डिकी १९० लिटर आणि अर्टिगाची २०९, पण तो आकडा टाकी नसलेल्या अर्टिगाचा.

बाबांना बसवून-उतरवूनही पाहिलं. अर्टिगाची सीट त्यांना सोपी पडली, गुडघे फार उचलावे लागत नाहीत. मराझोत पाय थोडा वर टाकावा लागतो, पण एकदा बसले की आरामात, आणि छतातून येणारा एसी मागच्या ओळीपर्यंत पोचतो. आईला मराझो आवडली. मुलांना कुठलीही चालेल.

सुरक्षिततेचंही बघितलं. गाड्या आपटवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०१८ मध्ये मराझोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ४ तारे दिले होते, पण मुलांसाठी २ च. अर्टिगाला २०१९ मध्ये दोन्हीकडे ३. पुढे २०२४ मध्ये अर्टिगाला मोठ्यांसाठी एकच आणि मुलांसाठी दोन तारे मिळाले, पण ती चाचणी नव्या, कडक नियमांची होती, त्यामुळे ते आकडे जुन्यांच्या शेजारी ठेवणं बरोबर नाही. तरी चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि जड बांधणी यामुळे घाट उतरताना मराझोत मला जास्त भरवसा वाटला.

आता अडचण. मराझो बंद झाली आहे. ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनायची, २०१८ च्या सप्टेंबरात इथेच तिचं अनावरण झालं होतं. पण त्यामुळे पुढची सात-आठ वर्षं पार्ट मिळतील असं धरून चालावं का? इंजिन-गिअरचं एक वेळ जमेल, पण दिवे, काचा, बंपर यांचं काय?

दुसरा प्रश्न: सीएनजीवर सहा माणसं आणि एसी घेऊन अर्टिगा कसारा चढते का, की पेट्रोलवर टाकावीच लागते? तिसरा, दोन्ही गाड्यांत बघायला सांगाल ते सांगा. चार दिवसांत एकाला होकार द्यायचा आहे.

प्रतिसाद

अर्टिगा सीएनजी मी चालवतो, म्हणून आधी तिचं. इंजिनची ताकद पेट्रोलवर १०५ पीएस, सीएनजीवर ९२. भरलेल्या गाडीत फरक पायाला कळतो. घाटात गिअर खाली घ्यावे लागतात, गाडी चढते, ओव्हरटेकला मी बटण दाबून पेट्रोलवर घेतो. मराझोचं ३०० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनची ओढ) आहे, तिथे हा विचार करावा लागत नाही.

खर्चाचा हिशेब असा करा. कंपनीचे आकडे अर्टिगा किलोला २६.०८, मराझो लिटरला १७.३. वर्षाला १० हजार किलोमीटर धरले तर ३८३ किलो गॅस किंवा ५७८ लिटर डिझेल. प्रत्यक्षात दोन्हीला ॲव्हरेज कमी पडेल. पण विकत घेतानाच पावणेदोन लाख वाचतायत, ते इंधनातून भरून निघायला तुमच्या रनिंगला बरीच वर्षं जातील. फक्त मराझो पुढे विकताना भाव पडेल हे मनाशी पक्कं असू द्या. डिझेल गाडी दहा वर्षांनंतर न चालवण्याचा नियम दिल्ली परिसराचा आहे, आपल्याकडे १५ वर्षांनी पुनर्नोंदणी होते.

तपासायचं: अर्टिगाच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर ३ वर्षांनी लागते, तारीख टाकीच्या प्लेटवर बघा. आरसीवर पेट्रोल/सीएनजी असंच हवं. मराझो सकाळी इंजिन थंड असताना तुमच्यासमोर सुरू करायला सांगा, आधी गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. सर्व्हिसच्या नोंदी आणि विम्याचे क्लेम काढून घ्या, मीटरचा आकडा नोंदींशी जुळतो का पाहा. दुसरा मालक आहे म्हणजे आरसीवर बँकेचा बोजा राहिलाय का तेही बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० त्यांच्या सह्यांसकट. थकलेली ई-चलनं त्यांनाच भरायला लावा.

पार्टांसाठी फोनवर विचारू नका. चॅसी नंबर घेऊन अंबड-सातपूरच्या दोन-तीन स्पेअर पार्टवाल्यांकडे जा, हेडलाइट, पुढची काच आणि क्लच प्लेट आज मिळते का एवढंच विचारा.

धागाकर्ता

मनापासून आभार. आरसी पाहिली, मराझोवर बोजा आहे, मालक म्हणतो कर्ज फिटलंय पण एनओसी काढायची राहिली. त्याला ती आधी आणायला सांगितली आहे. शनिवारी पार्टवाल्यांकडे जातो, रविवारी सकाळी थंड इंजिन. ओळखीचा मेकॅनिक बरोबर येतोय, पण त्याचा हात मारुतीवर बसलेला आहे. नाशिकमध्ये मराझोचं काम नीट येणारा कोणी माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा, रविवारी सकाळी दीड-दोन तास यायला हवा. त्याची मजुरी देईन.