मदत हवी आहे: कोकणात एमएस किती जणांना असतं?

कातळसडा: बहिणीचं एमएस निघालं, परवा रिपोर्ट आला. गावचे डॉक्टर म्हणतात, चाळीस वर्षांत एक पेशंट पाहिला नाही, कोकणात हे नसतंच. घरात दोन तट पडलेत. मला एकच सांगा, आपल्याकडे लाखात किती? रविवारच्या आत हवंय.

सोलकढी_फॅन: अभिनंदन! कुठल्या युनिव्हर्सिटीत? माझा भाचा टेक्सासला आहे, रूमचं बघू शकेल.

कातळसडा: मल्टिपल स्क्लेरोसिस हो, मेंदू-मणक्याच्या नसांचा आजार. डिग्री नव्हे.

खाडीपलीकडे: वय काय? एमआरआय नुसता मेंदूचा की मणक्याचाही? त्रास कशाने सुरू झाला?

कातळसडा: आकडा विचारला होता. असो. २९. दोन्ही. डाव्या पायातली चप्पल निसटते आणि तिला पत्ताच नसतो, अंगणभर एक पाय अनवाणी. मार्चमध्ये डावा डोळा आठ दिवस अंधुक होता, आम्ही चष्म्याचा नंबर बदलून आणला. अजूनही कढत पाण्याने आंघोळ केली की धुकं येतं म्हणते.

खाडीपलीकडे: हे आधी सांगायचं ना! अंग तापलं की नजर मंदावते, हे या आजारात ओळखीचं आहे. पाणी कोमट करा. आता आकडा. जगात २०२० साली सुमारे २८ लाख रुग्ण, म्हणजे लाखात ३६च्या आसपास. बायका पुरुषांच्या दुप्पट. भारतात पूर्वी लाखात एखाद-दुसराच धरायचे. किनाऱ्यावरचा जवळचा आकडा मंगळूरचा, २०१४ साली छापून आलेला: लाखात ८च्या थोडं वर.

हिशोबी: २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा १६ लाख, सिंधुदुर्ग साडेआठ. ८ने गुणा: रत्नागिरीत १२५-१३०, सिंधुदुर्गात ७०. झालं काम.

खाडीपलीकडे: झालं कसं? मंगळूरला मेडिकल कॉलेजं आहेत, न्यूरॉलॉजिस्ट आहेत. एमआरआयसाठी घाट चढावा लागतो तिथे निम्मे 'वात' आणि 'अशक्तपणा' म्हणूनच मोजले जाणार. तुमच्या डॉक्टरांनी पाहिलं असेल, ओळखलं नसेल.

हिशोबी: आणि वंशाचं काय? १९९०च्या अभ्यासात मुंबईच्या पारशांत लाखात २६ होते. हवा तीच, पाणी तेच.

बागायतदार: सगळं त्या हापूसच्या फवारणीचं आहे. आमच्या लहानपणी होतं का असलं काही?

हिशोबी: स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथे लाखात ४००. किती कलमं असतील तिथे?

बागायतदार: तुम्ही मोहोर आलेला तरी पाहिलाय का कधी? थ्रिप्स किडीने यंदा बाग धुतली आमची.

मालवणी_बाय: भांडा नको रे. चेडवाक रोज सकाळचा उन दाखव, बांगडो खाव घाल. ड जीवनसत्व कमी पडता.

खाडीपलीकडे: ड कमी असलं की धोका वाढतो हे खरं, पण ऊन हे औषध नव्हे. आणि २९ वर्षांच्या बाईला चेडू काय!

नोंद_वही: २०१६च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत हा आजार आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, फोटो, आधार…

कातळसडा: कार्ड कुणी मागितलं? ती अजून सायकलवरून शाळेत शिकवायला जाते.

खाडीपलीकडे: एकच विचारतो. अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी केलीत? एनएमओ नावाचा वेगळा आजार आहे, त्यातही डोळा आणि मणकाच धरतो. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, त्यात उलटतात. लाखात किती याच्याआधी हे बघा.

कातळसडा: फाईल उघडली. 'अँटिबॉडी, पाठवले' असं पेनने लिहिलंय, रिपोर्ट नाही. इंजेक्शन सोमवारी सुरू करायचंय.

खाडीपलीकडे: फोन लावा. आत्ता.

सोलकढी_फॅन: भाच्याच्या रूमवर एक डॉक्टरकीचा मुलगा आहे, विचारू का?