सांबऱ्याला विमानं बघतो, पथकात ढोल पण वाजवतो... कानात नेमकं काय घालू?

सांबरा_विमानवेडा:
नमस्कार मंडळी, मी बेळगावचाच. विमानांचं वेड लहानपणापासनं, सुट्टी मिळाली की सांबऱ्याच्या विमानतळाकडं जातो आणि एटीआर, म्हणजे पंख्यांची छोटी प्रवासी विमानं, उतरताना-उडताना बघत थांबतो. शिवाय शिवजयंती आणि गणपतीला पथकात ढोल असतो, आणि जायला-यायला बुलेट. म्हणजे कानाला आराम असा नाहीच. प्रॅक्टिस झाली की रात्री झोपताना कानात बारीक शिट्टी वाजत राहते, सकाळी गेलेली असते. पुढच्या एरो इंडियाला, म्हणजे विमानांच्या प्रदर्शनाला, बेंगळुरूजवळ येलहंक्याला जायचं ठरवलंय, पुतण्याला पण न्यायचंय, तो दुसरीत आहे. आई म्हणते कापूस घाल, मित्र म्हणतो नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड घातले की झालं. कोणाचं खरं? आणि कान बंद केले तर विमानाचा आवाजच कळणार नाही ही पण भीती आहे, तो ऐकायलाच तर जातो की.

उद्यमबाग_फेटलिंग:
भावा कापूस विसर. कापसातनं आवाज आरामात आत जातो, वर आपल्याला वाटतं बंदोबस्त झाला. आमच्या शॉपमध्ये दिवसभर ग्राइंडर चालतंय, आम्ही फोमचे इअरप्लग वापरतो, सेफ्टी शूज-हातमोजे विकणाऱ्या दुकानात मिळतात, फार महाग नसतात.

पण घालायची पद्धत बरोबर पाहिजे, नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. हात धुऊन घ्यायचे, प्लग बोटांत वळून वळून वातीसारखा बारीक करायचा, मग दुसरा हात डोक्यावरनं नेऊन कान वर आणि मागं ओढायचा म्हणजे भोक सरळ होतं, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं दाबून धरायचा. नीट बसला की स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. समोरच्याला निम्मा प्लग बाहेर दिसूलालाय म्हणजे तो बसलाच नाही, काढून परत घालायचा. आणि पाकिटावर 33 डेसिबल लिहिलंय म्हणून 33 कमी होतील असं धरू नकोस. तो लॅबमधला आकडा असतो, अमेरिकेत हिशोब करताना त्यातनं 7 वजा करून उरलेल्याचं निम्मं धरतात, म्हणजे 13. ढोलाजवळ 13 कमी होणं पण लई मोठी गोष्ट आहे.

खानापूरची_ऑडिओलॉजिस्ट:
वरचं सगळं बरोबर आहे. मी कानाच्या टेस्ट करते, त्यामुळं शिट्टीबद्दल आधी सांगते. सकाळी जाते म्हणून ती साधी नाही दादा. कानाच्या आत, शंखासारख्या भागात केसासारख्या पेशी असतात, मोठ्या आवाजानं त्या थकतात, कानाला दडा बसतो, शिट्टी वाजते. विश्रांती मिळाली की बऱ्याचशा सावरतात, पण परत परत तोच मार बसला की मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, ऑपरेशन नाही. पहिला फटका बहुतेक 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या बारीक सुरांवर, बसतो, म्हणून माणसाला ऐकू तर येतं पण स, श, फ असली अक्षरं निसटतात, आणि चारचौघांत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये बोलणं कळत नाही. घरचे म्हणतात लक्ष देत नाही.

आता हिशोब. आवाज किती मोठा आणि किती वेळ, दोन्ही एकत्र बघायचं. 85 डेसिबलला 8 तास चालतात, पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, 94 ला 1 तास, आणि 100 ला फक्त 15 मिनिटं. ढोल-ताशाच्या मधोमध 100 सहज ओलांडतं आणि मिरवणूक चालते रात्रभर! सांबऱ्याला लांबनं एटीआर बघण्यात मला फारशी काळजी वाटत नाही, तुमचा खरा मार पथकात आणि बुलेटवर आहे. गाडी जोरात असली की हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज मोठा होतो, सायलेन्सर साधा असला तरी. तिथं पण पातळ फोम प्लग चालतो, हॉर्न ऐकू येतो.

पुतण्याला प्लग नको, लहान कानात नीट बसत नाही. मुलांच्या मापाचे इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखे अख्खा कान झाकणारे कप, घ्या, घरी थोडा वेळ घालून सवय करा, नाहीतर तिथं काढून टाकेल. आणि कधी एका कानाला अचानक ऐकू येणं कमी झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका, दोन-तीन दिवसांच्या आत ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला, दाखवा, लवकर उपचार सुरू झाले तर फायदा होण्याची शक्यता जास्त.

सेस्ना_शिकाऊ:
इअरबडचं मी सांगतो, विमान शिकूलालोय. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि त्याच्या उलटी लाट कानात सोडतो. इंजिनची एकसुरी घरघर त्यात मस्त मरते, पण ताशाची कडकड किंवा फटाका अचानक येतो, तिथं त्याचा भरवसा नाही. अमर बोस यांना ही कल्पना 1978 ला विमानप्रवासात सुचली, आणि पायलटसाठीचा हेडसेट बाजारात यायला 1989 उजाडलं. पण त्या हेडसेटला जाड कप असतात, अर्धं काम ते कपच करतात. साधे इअरबड संरक्षणासाठी बनवलेलेच नसतात. छोट्या विमानाच्या कॅबिनमध्ये हेडसेटशिवाय बसायचंच नाही, आमचे सर इंजिन चालू व्हायच्या आधी बघतात.

फायटरचा आवाज चुकेल ही भीती सोड. आफ्टरबर्नर लावून, म्हणजे जास्तीचं इंधन जाळून, सुखोई वर गेलं की तो आवाज छातीत ऐकू येतो, प्लग असला तरी. उलट प्लगमुळं कान दबत नाहीत आणि बारकावे जास्त कळतात. तिथं प्लग आणि वरनं मफ दोन्ही घाल, दोन्हींची बेरीज होत नाही, साधारण 5 डेसिबल जास्तीचे मिळतात, पण जेटजवळ तेवढे पण मोलाचे.

ताशा_वडगाव:
पथकातल्यांनी फोमपेक्षा म्युझिशियन प्लग बघावेत. फोम वरचे सूर जास्त खातो, सगळं गढूळ ऐकू येतं, मग पोरं वैतागून काढून टाकतात. म्युझिशियनमध्ये फिल्टर असतो, सगळं सारखं हळू होतं, ताल स्पष्ट कळतो. महाग आहेत पण धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतात. आमच्याकडं आता ताशेवाल्यांना सक्तीच केलीय, कारण ताशा टिपेचा असतो आणि थेट कानाच्या उंचीवर वाजतो. प्रॅक्टिसला मध्ये मध्ये सगळ्यांना लांब बसवतो, अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानात साधारण 6 डेसिबल उतरतात. आणि डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचायला पोरांना सोडत नाही, यावर वाद झालेत, होऊ देत.

सांबरा_विमानवेडा:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, टेस्ट कधी करावी? शिट्टी नसताना केली तर चालेल काय?

खानापूरची_ऑडिओलॉजिस्ट:
नसतानाच करायची. आधी निदान एक दिवस मोठ्या आवाजापासून लांब राहा, म्हणजे तात्पुरता दडा मोजला जाणार नाही. ऑडिओमेट्री म्हणतात, बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, दुखत नाही. 6000 हर्ट्झ पण तपासा म्हणून आधीच सांगा. रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वर्षी गणपतीआधी परत करा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.