अर्नहेम लँड आणि काकाडूची शैलचित्रे : स्थानिक वाटाड्यांसोबतचे अनुभव

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील काकाडू राष्ट्रीय उद्यानात किंवा त्याला लागून असलेल्या अर्नहेम लँडमध्ये ज्यांनी आदिवासी वाटाड्यांसोबत शैलचित्रे पाहिली आहेत, त्यांनी येथे लिहावे, अशी विनंती आहे. हॉटेले आणि वाहने यांची माहिती इतरत्र मिळते; चित्रांसमोर उभे असताना आपल्याला काय सांगितले गेले, ते वाचायला आवडेल.

---

आम्ही नोकरीनिमित्त डार्विनला राहतो. अर्नहेम लँड ही आदिवासींच्या मालकीची भूमी असल्यामुळे तेथे जाण्यास परवाना लागतो, आणि तो नियम मला अगदी योग्य वाटतो. काकाडूतील जबिरू गावाहून निघाल्यावर काहिल्स क्रॉसिंगपाशी ईस्ट ॲलिगेटर नदी ओलांडावी लागते; भरतीच्या वेळी तेथे रस्त्यावरून पाणी वाहते आणि माशांसाठी मगरी जमतात, म्हणून चालकाने भरतीची वेळ पाहूनच निघायचे ठरवले होते.

नदीपलीकडे अर्नहेम लँडमधील गुनबलान्या गावातील इंजलाक कलाकेंद्र १९८९ पासून सुरू आहे, आणि इंजलाक टेकडी तेथील वाटाड्यासोबतच चढायची असते. आमचे वाटाडे कुनविंज्कु ही तेथील आदिवासी भाषा बोलणारे, स्वतः झाडाच्या सालीवर चित्रे काढणारे ज्येष्ठ गृहस्थ होते. टेकडीवरील कपारींत मासे, कांगारू आणि माणसे एकमेकांवर रंगवलेली आहेत. काही माशांचा कणा आणि आतील अवयवही दिसतात. आम्ही सारखे कोणते चित्र किती जुने, असे विचारत होतो. ते मात्र मासा कोणत्या ऋतूत पुष्ट होतो आणि त्याचे वाटे कसे करतात, हे सांगत होते. हळूहळू आमचेही प्रश्न बदलले. एका कपारीपाशी ती जागा पाहुण्यांसाठी नाही, एवढेच सांगून ते पुढे गेले. संग्रहालयात समोर असलेले सारे पाहण्याचा आपल्याला हक्कच आहे असे आपण धरून चालतो. येथे काय दाखवायचे हे ठरवणारी माणसे हयात आहेत आणि त्याच गावात राहतात, हे मला फार मोलाचे वाटले.

---

काकाडूतील उबिर येथे एका उंच खडकावर थायलसिन हा लांडग्यासारखा दिसणारा, पिशवी असलेला प्राणी रंगवलेला आहे. हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून सुमारे ३००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्याच परिसरात खिशात हात घातलेला गोरा मनुष्यही आहे. हाताला येणार नाही इतक्या उंचावरच्या चित्रांविषयी असे सांगतात की, मिमी नावाच्या सडपातळ शक्तींनी खडक खाली ओढून चित्रे काढली आणि मग तो पुन्हा वर नेऊन ठेवला.

---

काकाडूतील बुरुंगकुय येथील अनबांगबांग या कपारीतील चित्रे १९६४ च्या सुमारास नजोम्बोल्मी या चित्रकाराने रंगवली, हे कळल्यावर आमच्या गटातील काहींची निराशा झाली. मला ती निराशा पटली नाही. मजेदबेबे येथील उत्खननावरून या भागात माणसाचा वावर सुमारे ६५,००० वर्षे मागे नेणारे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या दीर्घ वस्तीच्या प्रदेशात, आपल्या आईवडिलांच्या हयातीतही कोणी खडकावर वीजदेव नमारगोन रंगवत होते, याचे मला अधिक अप्रूप वाटते. त्याच्या गुडघ्यांना आणि कोपरांना दगडी कुऱ्हाडी असून त्यांच्या आघाताने गडगडाट होतो, असे मानतात.

---

मी रत्नागिरीची आहे. आमच्याकडची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, परंतु कशेळीचा तो प्रचंड हत्ती कोणी आणि कशासाठी कोरला, हे सांगणारे आज कोणी नाही. म्हणूनच वरील अनुभव वाचताना हेवा वाटला. आईला घेऊन जायचे आहे. तिचे गुडघे दुखतात. चढ झेपेल का?

---

ताई, इंजलाकची चढण खडकाळ आहे, ती टाळावी. अनबांगबांगची वाट त्यामानाने सोपी आहे. मे ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तेथील कोरड्या ऋतूत जावे. तेथील पावसाळ्यात रस्ते बुडतात. गुनबलान्याला गेलात तर आईंना कलाकेंद्रात अवश्य न्यावे, तेथे पँडानस या केवड्याच्या जातीच्या झाडाच्या पात्यांच्या टोपल्या विणणाऱ्या स्त्रियांची भेट होऊ शकते.