सोसायटीच्या गच्चीवर सामाईक भाजीबाग: वाफे वाटून द्यावेत का?

पालेभाजीप्रेमी: पुण्यात ३२ फ्लॅटची सोसायटी, गच्चीवर २० बाय १० फूट जागा मिळतेय. कमिटीला गळतीची भीती, बाकीच्यांना "भाजी नेणार कोण" याची. प्रत्येकी एकेक वाफा दिला तर?

विटामाती: आधी वजन बघा. फूटभर जाडीची ओली माती चौरस फुटाला ४५-५० किलो भरते. वापरातल्या गच्चीसाठी नेहमीचा हिशोब चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४. तेव्हा सहा इंची क्रेट घ्या, आत गोणपाट लावा आणि दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग कंपोस्ट, एक भाग माती भरा. क्रेट कठड्याकडेनं, तुळईवर ठेवा, इंजिनीअरला दाखवूनच. खाली विटा हव्यात, म्हणजे फरशी वाळते. आणि पावसाळ्यात पाइपाच्या तोंडची जाळी दर आठवड्याला साफ करा. पाला अडकून पाणी तुंबलं की गळतं, आणि बोल मात्र बागेला.

गवतीचहा: वाफे अजिबात वाटू नका! एक फ्लॅट बंद राहिला की तिथला पिठ्या ढेकूण (झाडावरची पांढरी, कापसासारखी कीड) शेजारच्या वाफ्यांत जातो. वाफे नाही, वार वाटा. दाराशी फळा लावा: पाणी कुणी, किती वाजता घातलं. नाहीतर तिघं तीनदा पाणी घालतात आणि मेथी बुडाशी कुजते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं. ओल लागली तर झारी खाली ठेवायची.

टोमॅटोच्या नादी लागू नका, चार पिकले तर ३२ घरांत वाटणार कसे? पालक लावा: दोन इंच वर कापला तर तीनेक तोडे मिळतात. धणे रगडून दोन फाकी करून पेरा. शिवाय गवती चहा, कढीपत्ता, अळू हवंच. दोन पात्यांसाठी माणूस सकाळी गच्चीवर येतो, तिथेच गप्पा होतात आणि पुढच्या वाराला हात मिळतो.

खतवाला: +१. कंपोस्टला बादलीभर ओला कचरा, दोन बादल्या सुका पाला. मूठ दाबून पाणी ठिबकलं तर पाला वाढवा, आंबूस वास जादा ओलीनंच येतो. आठवड्याला एकदा खालीवर करा; दीड-दोन महिन्यांत तयार.

पालेभाजीप्रेमी: मे महिन्यात सगळे गावाला जातात, तेव्हा?

गवतीचहा: एप्रिलच्या मध्यानंतर पेरू नका. रिकाम्या क्रेटवर तीन इंच पाला अंथरा. कढीपत्ता नि गवती चहा सावलीला हलवून वॉचमनदादांना सांगा, अळू सरळ कुणाच्या तरी बाल्कनीत.